सृष्टी इथं राहते का?

सुमनबाई गांगुर्डे म्हणजे नाशिकच्या उपनगरातल्या निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई, आयुष्यात कधी कुणाला खोटा दाखला दिला नाही. आणि ही बाई चक्क पोलिसाला खोटं सांगून बसली, तेही चहा पाजून!

झालं असं, की त्यांचा मुलगा राकेश जर्मनीत नोकरीला. त्याची लेक सृष्टी दीड वर्षाची असताना तिकडे गेली, ती आता साडेसहाची झाली. मधे एकदाही येणं जमलं नाही. यंदा ऑगस्टमध्ये अठरा दिवस यायचं ठरलं आणि तिकिटं काढायला बसले तर पोरीचा पासपोर्ट संपलेला! लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, हे त्या दोघा इंजिनिअर नवरा-बायकोच्या ध्यानातच नाही. मग तिथल्या भारतीय वकिलातीत धावपळ, नवा फोटो, नवा अर्ज, आणि भारतातला पत्ता म्हणून नाशिकचं घर. "आई, व्हेरिफिकेशनला कुणी आलं तर आम्ही जर्मनीत आहोत म्हणून सांग," राकेशनं फोनवर बजावलं.

इतकं साधं होतं. पण शेजारच्या आशाताईंनी घोळ घातला. "अहो बाई, भलतंच! माणूस पत्त्यावर राहत नाही म्हटलं की पासपोर्ट अडकलाच समजा. आमच्या महेशचा अडकला होता की! राहते म्हणूनच सांगा." सुमनबाईंना ते पटलं. खरं म्हणजे, पटवून घ्यायला त्या टपूनच बसल्या होत्या.

हवालदार आला तो चांदवडकडचा, वयस्कर, बोलायला मोकळाढाकळा. कागद पाहत त्यानं विचारलं, "सृष्टी राकेश गांगुर्डे इथं राहते का, आजी?"

"राहते ना!"

इथं थांबावं की नाही? पण बाईंची जीभ सुटली. "पहिलीला आहे. आत्ता शाळेत गेलीय. डबा निम्मा परत आणते. वरणभाताला नाक मुरडेल, पण गुळाची पोळी द्या, दोन खाईल. आणि माझ्याशिवाय झोपत नाही हो." बोलता बोलता त्यांचा चेहरा फुलून आला. पाच वर्षांत इतक्या सुखाची दहा मिनिटं त्यांच्या वाट्याला आली नव्हती. हवालदारानं हसत हसत सगळं लिहून नेलं.

आठवड्यानं राकेशचा फोन आला, आवाज चढलेला. "आई, अर्जात मुलगी जर्मनीत आणि तुझ्या जबाबात ती नाशिकच्या शाळेत! फाईल थांबलीय. आता ऑगस्ट विसरा. तू असं सांगितलंसच कसं?"

"चुकलं रे," एवढंच त्या म्हणाल्या. का सांगितलं, ते पोराला कोणत्या तोंडानं सांगणार?

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या पोलीस ठाण्यात गेल्या. समोर तोच हवालदार. "काय आजी, मलाच शेंडी लावली व्हय?" बाई कानकोंड्या झाल्या. त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "चला, नवा जबाब द्या म्हंजी फाईल सुटंल. लिव्हा, नात इथं राहत नाय."

सुमनबाईंनी पेन उचललं आणि थबकल्या. "सध्या राहत नाही, असं लिहू का?"

"सध्या नको. पुन्हा शंका काढतील."

"दीड वर्ष माझ्याजवळच होती हो. ते तरी लिहू?"

"आजी," तो समजुतीनं म्हणाला, "विचारलंय तेवढंच लिव्हा."

आजवर कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, सृष्टी बाहेर गेलीय. जशी काही क्लासला गेलीय नि तासाभरात येईल. आज मात्र त्यांनी फळ्यावर लिहायच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं, 'माझी नात सृष्टी माझ्या घरी राहत नाही. ती जर्मनीत राहते. तिचे घर तिथेच आहे.' शेवटचं वाक्य कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, ते हातून आपसूक उतरलं. ते वाचलं आणि बाईंना रडू फुटलं, ठाण्यातल्या बाकावर, चार लोकांदेखत.

हवालदारानं गडबडून पाण्याचा ग्लास पुढं केला. "अहो, आता कशाला रडताय? झालं की काम! नात येणार हाय ना?"

"येणार आहे," सुमनबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "पाहुणी म्हणून येणार आहे."