मुजऱ्याची पायरी

मी एक जुना लाकडी जिना आहे. पायऱ्या तेरा, कठडा एकाच बाजूला आणि अंगात एक खोड. मित्रांनो, ही गोष्ट त्या खोडीचीच आहे, म्हणून ती आधीच कबूल करून टाकतो.

मला घडवणारा सुतार कमालीचा अबोल होता. दिवसभर त्याचा रंधा बोलायचा, तो नाही. आठ पायऱ्या बसवून झाल्या आणि नवव्या पायरीसाठी त्याच्या हाती इतरांपेक्षा बोटभर जाड फळी आली. जाड फळी असली की ती बसवायची खाच तेवढी खोल करावी लागते. तेवढंच तो विसरला. त्या दिवशी त्याचं लक्ष कुठे होतं कोण जाणे! माझी नववी पायरी बोटभर उंच राहिली ती राहिलीच. घरची माणसं तिथे आपसूक पाय जास्त उचलायची. नवा पाहुणा मात्र हमखास अडखळून पुढे वाकायचा. वर उभे असलेले मालक हसत म्हणायचे, पाहुण्यांनी मुजरा केला बरं का! मग तिचं नावच पडलं, मुजऱ्याची पायरी.

सगळ्या घरात माझी खरी काळजी होती ती फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना. त्या मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या, खालून वर, एकेक पायरी. मागे त्यांची चिमुरडी लेक असायची. नववी पायरी आली की त्या न चुकता म्हणायच्या, "पाय उचल, बाळा." पुढे बाई आजारी पडल्या. मग त्या येईनाशा झाल्या आणि लेकही दिसेनाशी झाली. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

काही वर्षांनी मालकही गेले. मुलं चार दिशांना पांगली आणि दाराला कुलूप लागलं. मी धुळीची गोधडी पांघरून झोपलो. वरच्या खिडकीतून रोज सकाळी एक कवडसा यायचा आणि एकेक पायरी उतरत दुपारपर्यंत खाली पोचायचा. तो कधीच अडखळला नाही. झोपेत मला पावलं ऐकू यायची. कुणी आलं वाटून जागा व्हायचो, तर माझंच लाकूड कुरकुरत असायचं. अशी किती वर्षं गेली, खरंच सांगता येणार नाही.

मग एके दिवशी कुलूप निघालं. घराचा लिलाव होता आणि त्याआधी ते बघायला माणसं आली होती. एकजात सगळ्यांनी मुजरा केला. एकाने तर मला सरळ सरपणात काढलं. शेवटी एक नर्सबाई आल्या. त्यांची नजर गळक्या छताकडे होती. नवव्या पायरीशी त्यांचा पाय आपोआप बोटभर जास्त उचलला गेला. त्या थबकल्या. कठड्याला धरून हळूच म्हणाल्या, "अगं बाई, हे तर तेच घर!"

पायाने आधी ओळखलं, डोक्याने मागाहून. लिलावात त्या हटल्या नाहीत आणि घर त्यांचं झालं. मला आभाळ ठेंगणं झालं!

डागडुजी सुरू झाली. छप्पर झालं, नळ झाले, भिंतींचे पोपडे निघाले. नवा सुतार बोलघेवडा होता. त्याने मला मापून पाहिलं आणि सांगितलं, ही पायरी सारखी करायलाच हवी. नर्सबाईंनी साफ नकार दिला. आईचा एक फोटोसुद्धा त्यांच्याजवळ नव्हता. आईचा आवाज आठवायचा तो फक्त या पायरीवर. ती गेली की तोही जाईल, अशी त्यांना भीती होती. नवऱ्याने समजावून पाहिलं, पण व्यर्थ.

मग त्यांच्या सासूबाई राहायला आल्या. त्यांना पायरीचं दहादा बजावलं होतं. चौथ्या दिवशी त्या तिथेच पडल्या आणि मनगट मोडलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. सुनेला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, माझंच लक्ष नव्हतं. ते मात्र नर्सबाईंना फार लागलं.

दुपारी त्यांनी सुताराला बोलावलं. फळी निघाली. सुताराने रंधा टेकवला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"वरून नको. खालून मारा."

"खालून कोण बघतंय, बाई?"

"वरून माझ्या आईचा हात फिरलाय."

सुताराने रंधा उचलला. त्याने फळी उलटी केली आणि बोटभर लाकूड खालच्या अंगाने काढलं. वरची झिजलेली, गुळगुळीत बाजू जशीच्या तशी राहिली.

आता सासूबाई निर्धास्त वर जातात. पहिल्या दिवशी मागून सून चढत होती. नवव्या पायरीवर तिचा पाय सवयीने बोटभर जास्त उचलला गेला आणि धप्पकन खाली आला.

"लागलं का गं?" सासूबाई वळून म्हणाल्या.

"नाही, आई," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

ती हाक नक्की कुणाला होती, ते मला कळलं नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंत चुका असतात. त्या खुशाल दुरुस्त करा, आमची ना नाही. फक्त हत्यार लावण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, यावरून कुणाचा हात फिरलाय?