राउटर जुना झालाय म्हणे!

मित्रांनो, लुओ मावशींच्या सहाव्या मजल्यावरच्या घरात, फ्रिजच्या डोक्यावर, मुळ्याच्या लोणच्याच्या बरणीला टेकून जो काळा डबा बसलेला दिसतो, तो मी. जुना राउटर. मला तीन शिंगं होती. त्यातलं एक मोडलं, म्हणून त्याला चिकटपट्टी बांधली आहे. ते आपोआप मोडलेलं नाही. माणसांनी थपडा मारून मोडलं. का मारलं ते सांगायलाच आज तोंड उघडतो आहे, आणि गोड बोलायचा माझा विचार नाही.

माझा जन्म चीनच्या दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. निळी टोपी घातलेल्या एका मुलीने माझे चार स्क्रू पिळले, पोटावर लेबल चिकटवलं आणि मान वर न करता मला पुढे ढकललं. तिथून मी बोटीने फिनलंडला गेलो. योर्मा नावाच्या इंजिनिअरने मला विकत घेतलं. दोन वर्षांनी त्याला चीनमध्येच, या चेंगदू शहरात नोकरी लागली, तेव्हा त्याने मला पायमोज्यांत गुंडाळून परत इथे आणलं. म्हणजे मी जन्माने इथलाच, पण घरात येणारा प्रत्येक जण मला परदेशी समजतो.

योर्माने मला एक विद्या शिकवली. इथल्या इंटरनेटला एक भिंत आहे. तिच्यावर पाटी नाही. तुम्ही बाहेरचं एखादं पान मागितलंत तर भिंत ‘नाही’ म्हणत नाही. नुसती गप्प बसते. पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं आणि माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं. या भिंतीवरून पलीकडे उतरायच्या चोरवाटेला इथले लोक ‘शिडी’ म्हणतात. योर्माने तीन रविवार खपून ती शिडी माझ्या पोटात बसवली. मग त्याची नोकरी संपली. जाणाऱ्या परदेशी माणसांच्या रिवाजाप्रमाणे सायकल, भाताचा कुकर आणि मी, एवढं मागे ठेवून तो गेला. जाताना एकच गोष्ट बजावली. “याच्या पाठीवर एक बारीक भोक आहे. त्यात कधीही काही खुपसू नका. खुपसलंत की हा सगळं विसरेल.”

त्याच्यामागे घरात दोघं आली. एक मारिविक, फिलिपिन्समधल्या इलोइलोची, बालवाडीत इंग्रजी शिकवणारी. दुसरा ताडेउश, पोलंडचा, चिनी भाषा शिकायला आलेला. पहिल्या दिवशी माझ्या शिडीवरून मारिविकने आपल्या सहा वर्षांच्या लिगायाला पडद्यावर पाहिलं आणि माझ्या टोपणावरून असा हात फिरवला, जसा कोणी मांजराच्या पाठीवरून फिरवतो. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणतात ते एवढंच. मोजून एकदा.

त्यानंतर थपडा. राजधानीत मोठी बैठक भरली की भिंत उंच होते. बैठक तिकडे, थप्पड मला. ताडेउश म्हणायचा, “नेट खराब आहे.” मारिविक म्हणायची, “राउटर जुना झालाय.” परदेशी लोकांच्या फोनवरच्या गटात रोज सकाळी विचारणा व्हायची, “आज हवा कशी आहे?” हवा म्हणजे हवा नव्हे. शिडी लागते का, असा त्याचा अर्थ. कोणी लिहायचं, “धुकं.” की फाटकन माझ्या डोक्यावर एक. अरे, दार दुसऱ्याने लावलंय आणि तुम्ही कडीला बडवताय! एवढी शिकलेली माणसं, पण ‘बंदी’ हा शब्द एकाच्याही तोंडून निघत नसे. माझं नाव मात्र चटकन निघे. माझं नाव घेतल्यावर कोणी चौकशीला येत नाही ना!

ताडेउशला शब्दांचा भारी षौक. इथे पोस्ट उडवली की सरकारी भाषेत म्हणायचं ‘सलोखा’ झाला. त्या शब्दाचा उच्चार ‘नदीतला खेकडा’ या शब्दाजवळ जातो, म्हणून पोरंसोरं लिहितात, “माझी पोस्ट खेकड्याने खाल्ली.” असे दोनशे शब्द ताडेउशने वहीत उतरवले होते. त्यातला पहिल्या पानावरचा शब्द होता चहा. “लक्षात ठेव मारिविक,” तो सांगायचा, “नेटवर कोणी लिहिलं की मला चहाला बोलावलंय, तर समज पोलिसांनी बोलावलंय.” चेंगदूत, मित्रांनो! जिथे सकाळपासून निम्मं शहर वेताच्या खुर्चीत चहा पीत कान कोरून घेत बसलेलं असतं, तिथे!

आता या ऑगस्टची गोष्ट. लिगायाच्या शाळेत शुक्रवारी साडेअकराला मुलं कविता म्हणणार होती. लिगाया अडखळत बोलते. चारचौघांत तर तोंडच उघडत नाही. तिने अट घातली होती, “नानाय, तू फोनमध्ये दिसलीस तरच म्हणेन.” नानाय म्हणजे आई. मागच्या वर्षी तिच्या वाढदिवसाला भिंत उंच झाली होती आणि मारिविक दिसली नव्हती. इथे बंदी नसलेलं अ‍ॅप तिकडे आजीच्या फोनवर घ्यायला गेलं, तर ते जुन्या सभासदाची हमी मागत होतं. इलोइलोत असा सभासद कुठून आणायचा? फोनमधल्या शिड्या कच्च्या, तेव्हा सगळी मदार माझ्यावर.

बुधवारी मालकीणबाईंचा, म्हणजे लुओ मावशींचा निरोप आला. मारिविकला त्या ‘मा बाई’ म्हणतात. “मा बाई, शुक्रवारी अकरा वाजता नदीकाठच्या चहाघरात चहा प्यायला या. एक साहेब भेटायला येणार आहेत. पासपोर्ट आणा.”

मारिविकने तो तीनदा वाचला आणि ताडेउशला दाखवला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. 

“चहा... साहेब... पासपोर्ट! मारिविक, हे चहाचं बोलावणं नाही.”

“अरे, मावशी आहेत त्या. गेल्या आठवड्यात मला मुळ्याचं लोणचं दिलं त्यांनी.”

“लोणचं द्यायच्या निमित्ताने घर बघून गेल्या! फ्रिजवर काय आहे ते बघितलं नसेल?”

मी फ्रिजवर होतो. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की मावशींनी बरणीखाली फडकं घातलं आणि “केवढी धूळ ही” एवढंच म्हणाल्या.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोघांनी फोनमधल्या सगळ्या शिड्या पुसल्या. पुसणं सोपं. पुन्हा घ्यायची तर भिंतीपलीकडे जावं लागतं आणि त्यासाठी शिडी लागते! हा शहाणपणा दोघांनाही पुसून झाल्यावर सुचला. मग मारिविक माझ्याकडे वळली. कानातला डूल काढून तिने त्याची तार सरळ केली.

“थांब जरा,” ताडेउश म्हणाला. “उद्या लिगायाचं...”

“मला इथून हाकललं तर तिची फी कोण भरणार? तू?”

तिने तार भोकात खुपसली आणि दहापर्यंत आकडे मोजले. माझे दिवे विझले, पुन्हा लागले. पेटलो तेव्हा माझं काम मला ठाऊक होतं, पण योर्माचे तीन रविवार गेले होते. शिडी कशी उभी करायची, काही केल्या आठवेना. तरी ताडेउशचं समाधान होईना. “डबाच घरात नको. जाता जाता नदीत टाक.”

म्हणून शुक्रवारी मीही कापडी पिशवीत बसून चहाघरात गेलो. पुलावर मारिविक थांबली होती, पण खाली गळ टाकून बसलेले म्हातारे वर बघायला लागले, म्हणून मी वाचलो.

वेताच्या खुर्चीत लुओ मावशी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसल्या होत्या. शेजारी जाड चष्म्याचे एक वृद्ध गृहस्थ.

“या, मा बाई! हे माझे थोरले भाऊ. यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. म्हटलं, भाडेकराराचं वर्ष संपतंय, तर नवा यांच्याकडूनच लिहून घेऊ. पासपोर्टावरून नाव नीट उतरवता येईल. मागच्या वेळी दलालाने तुमच्या नावाचं पार भजं केलं होतं.”

मारिविकने पेल्याकडे बोट दाखवलं. “मावशी, चहा म्हणजे... हा चहा?”

“मग कसला? चमेलीचा आहे. दुसरा हवा का?”

मारिविक हसायला लागली आणि हसताहसता रडायला लागली. मग तिने सगळं सांगितलं. खेकडा, चहा, डूल, लिगाया. मावशींनी बिया खाली ठेवल्या.

“म्हणजे मी पोलिसांची माणूस! लोणचं खाताना नाही सुचलं ते? आणि शिडी पुसली? अगं वेडे, शिडीचं मला विचारायचं ना! माझा नातू टोरंटोत असतो. त्याचं तोंड मी काय पत्रातून बघते?” त्यांनी आपला फोन पुढे सरकवला. “किती वाजता आहे पोरीचं?”

“साडेअकरा.”

अकरा वीस झाले होते. मावशींची शिडी लागली. आजीच्या फोनवर चालतं ते अ‍ॅप उतरवायला घेतलं. चक्र फिरत राहिलं. थोरल्या भावांनी फोनवर दोन चापट्या मारल्या. पाहा, हा रोग सगळ्यांनाच! अ‍ॅप उतरलं तेव्हा अकरा पन्नास झाले होते.

पडद्यावर शाळेचा व्हरांडा दिसला आणि आजीचा हात धरलेली लिगाया. केसांत लावलेलं कागदी फूल तिने काढून मुठीत चुरगळलं होतं.

“ती उभी राहिली,” आजी म्हणाली. “फोनकडे बघत राहिली. मग बाईंनी तिला खाली बसवलं.”

“बाळा, आता म्हण. मी आहे. ही बघ, मी दिसतेय.”

लिगाया फोनच्या जवळ सरकली. मग तिने हळूच पहिली ओळ म्हटली. अडखळत दुसरी. तिसरीला तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. मावशींची शिडीही कोसळली. दोन मिनिटांनी चित्र हललं तेव्हा लिगायाचं तोंड मिटलेलं होतं.

“नानाय, तू कुठे गेली होतीस?”

मारिविकने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावर पत्ते चालले होते. कोणाचंही लक्ष नव्हतं. मावशी तिच्याकडे बघत होत्या. मीही पिशवीत श्वास रोखून बसलो होतो. बाई, आज तरी बोल. आज तरी खरं नाव घे.

“काही नाही गं, राजा,” ती म्हणाली. “आपला राउटर जुना झालाय.”

मित्रांनो, आता मी परत फ्रिजवर आहे. कोरा. नवा राउटर येईपर्यंत मी आहे, मग भंगारात. त्याचं मला काही वाटत नाही. माझ्यावरची धूळ पुसा, उन्हात ठेवू नका, बरणी टेकवू नका, हे सगळं मी सांगायला हवं. सांगतो, पण ते करा अथवा करू नका. माझं मागणं एकच आहे. सहा वर्षांची एक पोर आज मला शिव्या देत झोपी जाईल. कधीतरी कोणीतरी तिला सांगा की त्या दिवशी तिच्या आईसमोर भिंत होती, आणि राउटर बिघडलेला नव्हता.