एका ओळीचा पॅच

आपल्याकडे नाक्यावर बॅनर लागायला फार मोठं कर्तृत्व लागत नाही. दहावीला पंचावन्न टक्के मिळाले, कुणाचा भाचा पोलीस भरतीत धावला, कुणाच्या कुत्र्याचा वाढदिवस आला, की फ्लेक्स चढलाच. त्यामुळे नायगावच्या नाक्यावर राजरत्न मोरेचा बॅनर लागला यात नवल नव्हतं. नवल होतं ते मजकुरात. ‘जगातील सर्व कॉम्प्युटरमध्ये मोठी पाने बसविल्याबद्दल आमच्या चाळीचे सुपुत्र राजरत्न मोरे यांचे हार्दिक अभिनंदन!’ शेजारी राजरत्नचा कुणाच्यातरी हळदीतला गॉगल घातलेला फोटो, मागे पृथ्वीचा गोळा आणि खाली शुभेच्छुकांची नावं. त्यातले निम्मे शुभेच्छुक राजरत्नला ओळखतही नव्हते.

हा उद्योग वैभवचा. वैभव म्हणजे राजरत्नचा बालवाडीपासूनचा मित्र. लालबागला त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान. चूक मात्र राजरत्नची. दीड वर्ष घासलेलं काम जगानं स्वीकारलं तेव्हा आनंदाच्या भरात तो त्याला फोनवर म्हणाला होता, “वैभ्या, घेतलं रे त्यांनी!” घेतलं म्हणजे फक्त तपासणीला घेतलं, नवी आवृत्ती बाहेर पडायला अजून कैक आठवडे आहेत, मधे काहीही होऊ शकतं, हे सांगायचं राहून गेलं. आणि सांगितलं असतं तरी वैभव थांबला असता असं नाही.

काम तसं समजायला अवघड नव्हतं. राजरत्न कर्नलवर काम करी. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्याच्या जिवावर चालतात. हा कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात, भांडतात आणि पुन्हा लिहितात. वैभवला त्यानं चाळीच्या भाषेत समजावलं होतं. “बघ, मेमरी म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोल्या. त्यांना पानं म्हणतात. प्रत्येक पानावर पाटी: इथे लिहायचं, नाहीतर इथला कोड चालवायचा. दोन्ही एकदम नाही, नाहीतर चोर आत येऊन हवं ते लिहील आणि चालवेल. आता हजार खोल्यांचे हजार पत्ते लक्षात ठेवताना प्रोसेसरची दमछाक होते. म्हणून मी चालणारा सगळा कोड एका मोठ्या पानात आणला. पत्ता एकच.”

“म्हणजे भिंती पाडून हॉल केला,” वैभव म्हणाला.

“हां. फक्त हॉलला पाटीपण एकच. एकाला लिहायची परवानगी दिली तर सगळ्यांनाच दिली.”

“मग कोणाला लिहायचंच असलं तर?”

कैक आठवडे सुरळीत गेले, आणि आवृत्ती चार दिवसांवर आली असताना हाच प्रश्न बुधवारी जर्मनीतल्या एका अनोळखी माणसानं विचारला, पण त्याच्या तऱ्हेनं. त्याचा लॅपटॉप झोपवला की पुन्हा उठत नव्हता. पडदा काळा, पंखा चालू, बाकी ठप्प. त्यानं चिकाटीनं शोध घेतला आणि बोट ठेवलं ते राजरत्नच्या पॅचवर. कर्नलच्या कोडमध्ये केलेल्या बदलाला पॅच म्हणतात, आणि प्रत्येक पॅचखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. त्यामुळे गुन्हेगार हुडकायला पोलीस लागत नाहीत.

राजरत्नकडे तसला लॅपटॉप नव्हता. त्यानं ओळखीच्यांकडे विचारलं, ऑफिसात विचारलं, दादरच्या दुरुस्तीच्या दुकानांतून हिंडला. त्यातला प्रोसेसर कुणाकडे नव्हता. मग आंधळ्यानं हत्ती चाचपावा तसं सुरू झालं. याने इथून बदल करून पाठवायचा, जर्मनीतल्याने कामावरून घरी आल्यावर लावून बघायचा, आणि कळवायचं: नाही, अजून काळंच.

शुक्रवारी दुपारी त्याला कारण सापडलं, आणि सापडल्यावर जास्तच वाईट वाटलं. चूक त्याच्या कोडची नव्हतीच. सुरक्षेचं काम बघणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी फार पूर्वी एक तुकडा लिहिला होता. लॅपटॉप झोपेतून उठला की तो तुकडा, कुणालाही न विचारता, चालणाऱ्या कोडच्या पानावर दुरुस्त्या करी. छोट्या पानांवर ते खपून जाई. आता मोठ्या पानावर लिहायला बंदी, म्हणून सगळाच डोलारा खाली. मोठं पान तेवढ्यापुरतं लिहिण्यासाठी उघडावं, तर त्यावरचा बाकीचा चालता कोड थांबतो. मोडून पुन्हा छोटी पानं करावीत, तर दुसऱ्याच एका जातीची यंत्रं अडकू लागली. राजरत्ननं तीन तऱ्हा करून पाहिल्या आणि तिन्ही कुठे ना कुठे मोडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला संन्यासी आपण आहोत हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं. दिसून उपयोग काय?

खाली उतरावं तर बॅनर. इस्त्रीवाला म्हणे, “साहेब, ते पानांचं लय भारी केलंत.” शाळेतल्या बाईंनी थांबवून विचारलं, “वह्यांचा कारखाना काढलास का रे?” आणि शुक्रवारी संध्याकाळी विहारातले नाना स्वतः वर आले. नाना म्हणजे सगळ्या चाळीचे वडीलधारे. त्यांनी सांगितल्यावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. “रविवारी सहाला सत्कार ठेवलाय. पोरांना दोन शब्द सांग. आपला माणूस कुठे पोचलाय ते बघू दे त्यांना.”

कमलाबाईंनी, म्हणजे राजरत्नच्या आईनं, नानांना चहा दिला आणि लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून जन्म घालवलेली बाई ती. घंटेआधी पोरांचे चेहरे वाचायची सवय.

शनिवारी मारेकची मेल आली. मारेक प्रागचा, कर्नलच्या त्या भागाचा अंतिम निर्णय त्याच्या हातात. माणूस सज्जन. त्यानं लिहिलं होतं: तुझं काम चांगलं आहे, दोष तुझा नाही, हे मला मान्य आहे. पण लोकांची यंत्रं उठत नाहीत आणि आवृत्ती उद्या निघते. तुझी मोठी पानं आत्तापुरती बंद करावी लागतील. बंद करायचा पॅच तू पाठवतोस की मी पाठवू?

ही त्यांच्यातली रीत. ज्याचं काम मागे घ्यायचं, त्यालाच आधी विचारायचं. मान म्हणूनच विचारतात. आपल्याच घराचा मेन स्विच आपल्याच हातानं खाली ओढायचा मान.

राजरत्ननं वैभवला फोन केला. “सत्कार रद्द करायला लाव. बंद होतंय ते.”

“काय बंद होतंय?”

“माझंच काम. उद्या.”

“अरे मग चालू ठेव ना भावा! तूच बनवलंयस ना? तुझ्या हातात नाय तर कोणाच्या हातात?”

दीड वर्षात हजार तज्ज्ञांना उत्तरं दिली होती त्यानं; वैभवला एवढंच म्हणाला, “तसं नसतं रे.”

“टेन्शन नको घेऊ,” वैभव म्हणाला. “शाली आणल्यात. नानांनी हाराची ऑर्डर दिलीय. आता काय रद्द बिद्द नाय होणार.”

रविवारी दुपारी तो खिडकीपाशी बसला. पॅच एका ओळीचा होता. ती ओळ गेली की मोठी पानं बंद. वर कारण लिहायचं असतं. पहिल्यांदा त्यानं रागानं लिहिलं, त्या सुरक्षावाल्याचं नाव घेऊन. ते पुसलं. मग शांतपणे लिहिलं की काय मोडतं, कुणाचं मोडतं, जर्मनीतल्या माणसानं काय मदत केली आणि पुढे कुणी हे काम हाती घेतलं तर आधी कुठे बघावं. खाली स्वतःचं नाव टाकलं आणि पाठवून दिलं. मग इस्त्रीचा शर्ट घातला.

विहारात गर्दी बरी होती. वंदना झाली, नाना भरभरून बोलले, शाल आली, हार आला. खुर्चीत बसल्या बसल्या खिशात फोन थरथरला. मारेकनं पॅच घेतला होता. दीड वर्ष ज्यांनी त्याच्या एकेका स्वल्पविरामाला नावं ठेवली, एकेक ओळ पाच-पाच वेळा परत लिहायला लावली, त्यांच्यातल्या एकानंही या ओळीवर प्रश्न विचारला नव्हता. इतक्या झटपट त्याचं काही कधीच स्वीकारलं गेलं नव्हतं.

“राजरत्न, दोन शब्द,” नाना म्हणाले.

तो माईकपाशी गेला. खोटं बोलायचं नाही एवढं त्याचं ठरलं होतं. “जय भीम. ज्या कामाबद्दल तुम्ही सत्कार केलात, ते आज बंद झालंय. मीच बंद केलं. त्यानं लोकांचे लॅपटॉप बंद पडत होते. पुन्हा कधी चालू होईल, होईल की नाही, मला माहीत नाही.”

मागून वैभवनं टाळी वाजवली, आणि बघता बघता अख्खं विहार टाळ्या वाजवू लागलं. “केवढा मोठेपणा बघा!” नाना माईक ओढून म्हणाले. राजरत्न हात वर करून नाही नाही म्हणत राहिला, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. त्या टाळ्या थांबवणं त्याच्या हातात नव्हतं, तशी या आठवड्यातली कुठलीच गोष्ट त्याच्या हातात नव्हती. शाल अंगावर घेऊन तो खाली बसला.

दुसऱ्या रांगेत कमलाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. टाळ्या न वाजवणाऱ्या तेवढ्या एकट्याच. घरी जाताना जिना चढता चढता त्यांनी विचारलं, “राजू, बंद करायचा कागद तूच लिहिलास?”

“हो.”

“खाली तुझंच नाव?”

“माझंच.”

कमलाबाई दोन पायऱ्या चढून दम खायला थांबल्या. “मग नीट लिहिलंस ना?”

“नीट लिहिलंय, आई,” तो म्हणाला, आणि बुधवारपासून आवरून धरलेलं रडू त्याला तिथेच जिन्यात फुटलं.