नदीच्या पाण्याने रंगवलेलं चित्र

मसोलीच्या सुनिताबाई जलरंगात चित्रं काढायच्या. तलासरीकडच्या एका रंगाच्या कारखान्याने पाहुण्यांच्या खोलीत लावायला त्यांच्याकडे एक चित्र मागितलं. मागे कारखान्याचं धुराडं हवं, पुढे नदी आणि काठावर कामाला लागलेली माणसं.

काठावर पोचताच त्यांनी पदर नाकाला लावला. पाण्यावर जांभळट साय धरली होती, कडेला मेलेले मासे फुगून पडले होते. सुकी नावाची मजूर गुडघाभर पाण्यात उभी राहून कारखान्याची पिंपं धूत होती. पाण्याचा रंग जवळून बघायला सुनिताबाईंनी नदीत वाटी बुडवली, तशी ती ओरडली, "बाई, हात नका घालू! कातडी सोलते."

"आणि तुझे पाय गं?"

सुकी वर येऊन काठावर बसली आणि तिने पाय पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत लालभडक मांस उघडं पडलं होतं.

चित्रासाठी घरून आणलेलं स्वच्छ पाणी सुनिताबाईंनी पिशवीतच ठेवलं आणि अख्खं चित्र नदीच्याच पाण्याने रंगवलं. सुकीचे पाय होते तसेच काढले.

मॅनेजरसाहेब चित्र बघून खूश झाले. "पाण्याचा हा शेड काय मस्त आलाय! फक्त ते पाय झाकून टाका. आणि कागदाला वास कसला येतोय?"

"नदीचा. तुमचीच पिंपं धुतात तिच्यात."

"असू दे, काच लावली की जाईल," म्हणत ते खदखदून हसले.

नदीकाठी आली नव्हती एवढी शिसारी सुनिताबाईंना त्या हसण्याची आली. त्यांनी साहेबांच्या हातातून चित्र ओढून घेतलं आणि तडक बाहेर पडल्या.