उलटी पाटी

मानसी परब नऊ वर्षांची होती तेव्हा ती एका थरारपटात काम करत होती आणि मी तिचा अभ्यास घेत होतो. लहान मुलांना सिनेमात घेतलं तर त्यांची शाळा बुडू द्यायची नाही, असा नियम आहे, आणि नियम पाळला हे दाखवायला सेटवर एक शिक्षक लागतो. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालो होतो, कांजूरमार्गला परबांच्याच इमारतीत एक मजला खाली राहत होतो आणि रोज मालाडपर्यंत जायला माझी हरकत नव्हती. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

शूटिंग मालाडमधल्या एका बंद पडलेल्या कॉल सेंटरमध्ये होतं. दिग्दर्शक शौनक. वय बत्तीस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सगळ्यांना 'सर' म्हणायची सवय. सेटवर विकी नावाचा एक कुत्रा होता, त्यालाही तो 'विकी सर' म्हणायचा.

सिनेमाची गोष्ट अशी. एका मुलीला वाढदिवसाला एक खेळ भेट मिळतो. खेळ सुरू होतो आणि तिची आई, बाई, शेजारी, सगळे त्यातले खेळाडू बनतात. कोण खरं बोलतंय आणि कोण खेळतंय, हे तिने ओळखायचं.

"मग खेळ संपतो कुठे?" मी पहिल्या दिवशी शौनकला विचारलं.

"तेच तर सर. प्रेक्षकाला कळतच नाही."

"पण तुम्हाला कळतं ना?"

त्याने थोडा विचार केला. "एडिटला ठरवू."

मानसीला एडिटपर्यंत थांबवणं मला बरं वाटेना. मी तिला त्याच दिवशी नियम समजावून सांगितला. कॅमेऱ्यासमोर पाटी वाजते, मग 'ॲक्शन' म्हणतात. तिथून 'कट' म्हणेपर्यंत सगळं खोटं. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं खरं.

"प्रियंकाताई तुझी आई होते आणि तुला कपाटात कोंडते. ते काय?"

"खोटं."

"नंतर कपाट उघडून चिक्की देते?"

"खरं. पण सर, ती अर्धी स्वतःच खाते."

"तेही खरंच."

आठ दिवस या नियमावर काम सुरळीत चाललं. मानसी कपाटात कोंडून घ्यायची, किंचाळायची, बाहेर येऊन चिक्की खायची आणि माझ्यासमोर बसून अपूर्णांकांची बेरीज करायची. बेरजेत चुकायची. अभिनयात चुकत नव्हती.

नवव्या दिवशी मात्र एका दृश्यात तिला रडता येईना. डोळ्यांत ग्लिसरीन घातलं तर पाणी आलं, पण चेहरा कांदा चिरणाऱ्या माणसासारखा दिसायला लागला. सात वेळा घेऊन झाल्यावर शौनक मला जिन्यात घेऊन गेला.

"सर, एक मदत हवी. तिला सांगा विकी गेला. गाडीखाली आला. कॅमेरा आम्ही कपाटाच्या जाळीमागे ठेवतो."

"तुम्हीच सांगा की."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवतंय? तुमच्यावर ठेवेल ती."

चौतीस वर्षं मी शाळेच्या गॅदरिंगला नाटकं बसवली. नाटकात बोललेलं खोटं हे खोटं नसतं, असं दरवर्षी मुलांना सांगितलं. हेही नाटकच, फक्त मुलीला ते पाच मिनिटांनी कळणार, असा हिशेब मी मांडला. शौनकला तो पटला. मलाही पटला.

मानसी वही उघडून बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. तिने पेन्सिल खाली ठेवली. "कुठल्या गाडीखाली?" असं विचारलं. मी म्हटलं, टेम्पोखाली. मग ती रडली. चार मिनिटं रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो, तो हातही शॉटमध्ये छान आला असं मला नंतर सांगण्यात आलं.

मग केतन नावाचा असिस्टंट पाटी घेऊन आला. त्याने ती उलटी धरली, वाजवली आणि निघून गेला. सुरुवातीला पाटी देता आली नाही, तर ती शेवटी अशी उलटी देतात. मागे गेलं ते सगळं शॉट होतं, एवढाच तिचा अर्थ. पाठोपाठ विकीला आणलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विकीने मानसीचा हात चाटला. तिने त्याला बिस्किट दिलं.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"छान केलंत," ती म्हणाली आणि पेन्सिल उचलली.

तिचा सूर उपरोधाचा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तीन दिवसांनी, दुपारी पाऊण वाजता, मला मानसीच्या आईचा, दर्शनाचा, फोन आला. मानसीचे वडील निलेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. घाटकोपरच्या एका इमारतीत ते लिफ्टच्या खड्ड्यात पडले होते. मांडीचं हाड दोन ठिकाणी तुटलं होतं, आत रक्तस्राव होत होता. तिथल्याच हॉस्पिटलमध्ये तीन वाजता ऑपरेशन. "आणि सर, हे ऐकतच नाहीत. पोरीला बघितल्याशिवाय आत जाणार नाही म्हणतायत. डॉक्टर माझ्यावर ओरडतायत. तिला घेऊन या ना."

मी शौनकला सांगितलं. त्याने त्याच क्षणी शूटिंग थांबवलं. तो वाईट माणूस नव्हता. तो धावत मानसीकडे गेला, गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "मानसी, बाळा, नीट ऐक. हे खरं आहे."

एकतिसाव्या दृश्यात सिनेमातला खलनायक गुडघ्यांवर बसून नेमकं हेच वाक्य म्हणतो. लिहिलं शौनकनेच होतं. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी तिला सांगितलं. पप्पा पडलेत, ऑपरेशन आहे, आपल्याला आत्ता निघायचंय. मानसीने माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग कपाटाच्या जाळीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, केतनच्या हातांकडे पाहिलं.

"पाटी कुठाय?"

"पाटी नाही, मानसी. हा शॉट नाही."

"त्या दिवशीपण सुरुवातीला नव्हती."

मी दर्शनाला फोन लावून दिला. पलीकडे ती रडत होती, मला इकडे ऐकू येत होतं. मानसीने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आई, मस्त करतेयस गं. पण एवढं जोरात नको." आणि फोन परत दिला. "सर, आईनेपण फॉर्मवर सही केलीय. तीपण युनिटमध्ये आहे."

प्रियंका रडायला लागली. ती नटी असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

एक वाजत आला होता. तिला उचलून गाडीत टाकावं, असं केतनचं मत पडलं. तसं केलं तर ती ओरडली असती, आणि घाटकोपरला पोचून वडिलांसमोर त्याहून जोरात ओरडली असती, कारण तिला तो शॉट वाटला असता. मी केतनला बाजूला व्हायला सांगितलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. वर्गात एखाद्या मुलाला माझं उत्तर पटलं नाही तर तेच उत्तर मोठ्याने पुन्हा सांगून काही होत नाही, हे मला ठाऊक होतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," मी म्हटलं. "मी एकदा फसवलंय तुला. खरं आहे की खोटं, हे तू कशावरून ओळखशील ते सांग."

तिने बराच वेळ विचार केला. मी घड्याळाकडे पाहायचं टाळलं.

"पप्पांवरून," ती म्हणाली. "पप्पांना ॲक्टिंग येत नाही. माझ्या बर्थडेला सायकल आणलेली ना, तर सकाळपासून दहा वेळा विचारलं, तुला सायकल नको आहे ना, म्हणून."

"मग त्यांना बघितल्यावर कळेल?"

"लगेच कळेल."

"चल तर मग."

"युनिटच्या गाडीने नाही," ती म्हणाली. "रिक्षाने. रिक्षा मी ठरवणार."

खाली आल्यावर तिने पहिल्या दोन रिक्षा सोडून दिल्या. त्या मुद्दाम उभ्या केलेल्या असू शकतात, असं तिचं म्हणणं. तिसरीत बसली, आणि सीटखाली, मीटरमागे, आरशापाशी नीट पाहून घेतलं.

"तुम्ही युनिटचे आहात का?" तिने रिक्षावाल्याला विचारलं.

"युनियनचा आहे," तो म्हणाला. "का? काय प्रॉब्लेम आहे का?"

"काका, घाटकोपरला यायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच आत्ता सांगितलं ना? आजोबा, पोरगी बरी आहे ना?"

मी म्हटलं, बरी आहे, जरा घाई करा.

जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे आम्ही पंचवीस मिनिटं एका जागी होतो. दर्शनाचे दोन फोन आले. दुसऱ्या वेळी मागून कोणीतरी ओरडत होतं. मानसी बाहेर बघत होती. मोटरसायकलवरचा एक माणूस हेल्मेटमध्ये मोबाइल खुपसून भांडत होता, शेजारच्या बसमधल्या एका बाईने आमच्याकडे बघत केळं सोललं.

"एवढी माणसं शौनक सरांना परवडणार नाहीत," मानसी स्वतःशीच म्हणाली. पण हात तिने सीटच्या दांड्यावरून काढला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा तीनला दहा मिनिटं होती. निलेश स्ट्रेचरवर, ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर. चेहरा राखेसारखा. दर्शनाने मानसीला जवळ ओढायला हात पुढे केला, मी तिला खुणेने थांबवलं. मानसी स्ट्रेचरपासून चार पावलांवर उभी राहिली आणि वडिलांकडे बघत राहिली.

निलेशने तिला पाहिलं आणि तो हसला. असं हसू मी गॅदरिंगच्या नाटकांतसुद्धा पाहिलं नव्हतं. ओठ हसत होते, बाकीचा चेहरा त्यांना ओळखत नव्हता.

"इलंस गो बाय?" तो म्हणाला. "काय एक झाला नाय हां. जरासो पाय मुरगाळलो. दुखणा नाय का काय नाय. ह्ये डॉक्टर उगाच. त्येंका काम नाय." मग त्याला कळ आली. ती त्याने खोकला म्हणून खपवायचा प्रयत्न केला. "थंड... थंड पाणी पिलंय ना, म्हणान."

मानसीचा चेहरा बदलला. तिने मागे वळून पाटी आली का ते पाहिलं नाही. ती पुढे गेली, वडिलांचा हात धरला आणि म्हणाली, "पप्पा, तुम्हाला नाही येत. राहू दे."

निलेश हसायचा थांबला. "दुखता गो," तो म्हणाला. "खूप दुखता."

"हो," ती म्हणाली. "आता आत जा."

तो गेला. दार बंद झालं. मानसी तेव्हा रडली, आवाज न करता, आईच्या पोटात डोकं घालून. किती मिनिटं ते मी मोजलं नाही.

साडेतीनला शौनकचा फोन आला. आधी त्याने निलेशची चौकशी केली, काही लागलं तर सांगा म्हणाला. मग म्हणाला, "सर, वडिलांना बघितल्यावर तिने नेमकं काय केलं? म्हणजे चेहऱ्याने?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं. ते खोटं होतं. वेळ आली तर ते खोटं मी पुन्हाही बोलेन.

दर्शना रक्ताच्या बाटलीसाठी खाली गेली. बाकावर आम्ही दोघंच. मानसी माझ्यापासून एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून बसली होती.

"सर, पप्पा बरे होणार?"

होणार, असं म्हणणं मला सहज जमलं असतं. चौतीस वर्षं मी मुलांना 'होणार, होणार' म्हणत आलो होतो, आणि बहुतेक वेळा ते झालंही होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

किती वेळ लागेल, तिने विचारलं. तेही मला माहीत नव्हतं. हाड कशाने जोडतात, स्क्रूने की खिळ्याने? माहीत नाही. पप्पांना आत झोप लागली असेल का? लागली असेल असं वाटतं, पण नक्की माहीत नाही. ते पुन्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरणार का? माहीत नाही.

"तुम्हाला काय माहीत आहे मग?"

"माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा नीट तपासून घेतला. मग मान खाली घालून स्वतःच्या पंज्यावरची हाडं दाबून मोजायला लागली. मनगटापाशी तिला मेळ लागेना, तेव्हा मधलं अंतर ओलांडून जवळ सरकली आणि म्हणाली, "तुमचा हात द्या. तुमची नीट दिसतात."