कागदाचा उजवा काठ

मंचरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानात, पोटमाळ्यावर, पिवळ्या पडलेल्या कापडाखाली जे काही झाकलेलं आहे, मित्रांनो, ते मी. एक जुना लेझर प्रिंटर.

१९९८ साली अमजदभाईंनी मला पुण्याहून आणलं. एस.टी.त त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः मंचरपर्यंत उभे राहिले. त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. अर्ज, दाखले, पत्रं मी छापत असे. लोक कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणत, "लई सुबक!" मी छापीन ते खरंच असणार, असं लोक मानत. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटे. पुढं त्याचीच भीती वाटू लागली.

काही वर्षांनी दुकान त्यांची मुलगी कौसर पाहू लागली. इंटरनेट आलं. संगणकात माझा एक जोडीदारही आला. त्याला अंग नव्हतं, आवाज नव्हता. तोही स्वतःला प्रिंटर म्हणवायचा, पण कागद कधी बाहेर टाकायचा नाही. मिळालेल्या पानाची पीडीएफ फाइल करून गुपचूप आतच ठेवायचा.

२००६ साली महाळुंगे पडवळला तपासणी शिबिर झालं. ज्यांच्या अंगावर गाठी होत्या, त्यांचे नमुने पुण्याला गेले. रिपोर्ट ई-मेलनं आमच्या दुकानात येणार होते. कुंडलिकराव पडवळ आपल्या बायकोचा, गोजरबाईंचा, रिपोर्ट न्यायला आले. तिच्या काखेत गाठ होती.

कौसरनं 'पडवळ गोजरबाई' एवढंच पाहून फाइल उघडली आणि प्रिंट दिलं. पडद्यावर 'झालं' असं आलं. माझ्याकडं मात्र काहीच आलं नाही. तिनं पुन्हा दिलं. मला बंद करून चालू केलं, केबल काढून परत खोचली.

"रुसलाय का काय तुझा डबा?" कुंडलिकराव म्हणाले.

"काका, दोनच मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं आन् एस.टी.ची दोन मिनिटं एकाच घड्याळात दिसत्यात!"

अर्ध्या तासानं कौसरला उमगलं. नवं सॉफ्टवेअर टाकल्यापासून प्रत्येक पान आपोआप त्या बिनअंगाच्या प्रिंटरकडं जात होतं. तिनं यादीतून मला निवडलं. पान आलं, पण ते माझ्या कागदापेक्षा रुंद होतं. पान कागदात बसवून छापावं, एवढी एक खूण करायची तिच्याकडून राहिली. उजवा काठ कापला गेला.

त्या काठावरच नाव संपत होतं. आधी आडनाव, मग नाव, शेवटी नवऱ्याचं नाव. कागदावर 'पडवळ गोजरबाई' एवढंच उमटलं. पुढचं नाव कुंडलिक नव्हतं, सयाजी होतं. महाळुंग्यात पडवळ घरोघरी, आणि गोजरबाई दोन होत्या. पूर्ण पान माझ्या पोटात होतं. मला ठाऊक होतं.

"काका, काठ जरा कापलाय. परत काढू?"

बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला.

"भाकरीचा काठ करपला म्हून कुणी भाकर टाकतं व्हय? इंग्रजीत काय लिव्हलंय ते सांग, पोरी."

"गाठ साधी आहे. काळजीचं कारण नाही."

कुंडलिकरावांनी कागद कपाळाला लावला. माझा दिवा हिरवाच राहिला. मला दुसरं काही येतच नव्हतं.

तेरा दिवस दुसरी फाइल न उघडता पडून होती. तेरा दिवस मी इतरांचे कागद छापत होतो, आणि तिकडं महाळुंग्यात एक बाई निश्चिंत मनानं कांदा काढत होती.

चौदाव्या दिवशी सयाजीरावांची सून शीला आली. सासूचा रिपोर्ट न्यायला तिला कांद्याच्या गडबडीत सवड झाली नव्हती. कौसरनं उरलेली फाइल उघडली. पडद्यावर नाव पूर्ण दिसत होतं.

"अगं, आमच्या मामंजींचं नाव सयाजी. हे कुंडलिक म्हंजी बांधापल्याडचं." शीला हसली. "त्यांनी तर पेढं वाटलं की! आमी बी खाल्लं."

कौसर हसली नाही. ती खाली वाचत गेली आणि तिनं हाक मारली, "अब्बा..."

अमजदभाईंनी चष्मा लावून वाचलं. ही गाठ साधी नव्हती. कौसरनं मग एकेक गोष्ट नीट पाहिली. प्रिंटर बरोबर, कागद बरोबर, पान कागदात बसलेलं. मी छापलं. चारही काठ, एकही अक्षर न सोडता. इतकं सुबक मी कधीच छापलं नव्हतं. आणि कागद आतच अडकावा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग शीलाच्या सासूचा चांगला रिपोर्टही कौसरनं पुन्हा पूर्ण छापून तिच्या हातात दिला. तिनं तो न वाचताच घडी करून पिशवीत टाकला.

"चला अमजदभाऊ, मी बी येते. तुमी एकटं कसं सांगाल?"

अमजदभाई परतले तेव्हा कौसर दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"कुंडलिक घरात म्हणाला, चहा टाका, मंचरचं पावणं आलंत." ते स्टुलावर बसले. "चहा झाल्यावर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी गोजरबाईंना पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तेरा दिवस थोडे नव्हेत. पुढचं माझ्या कानावर कुणी येऊ दिलं नाही.

मित्रांनो, कागद सुबक दिसतो म्हणून तो पुरा असतोच असं नाही. कागदावर काय यायचं राहिलं, ते आम्हा यंत्रांना कळतं, पण सांगता येत नाही. ते विचारायचं तुम्हीच. देणाऱ्यानंही, आणि घेणाऱ्यानंही.