ऐकून घेणारे मोरेश्वरराव

मोरेश्वररावांना स्तुती आवडत नाही असं नव्हे. आवडते, चांगली भरपूर आवडते; पण करणाऱ्याचा हेतू कळल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही. पेनरोजला त्यांचा स्वतःचा डेपो. अर्ध्या ऑकलंडच्या देशी दुकानांना डाळ-तांदूळ तिथूनच जायचे, त्यामुळे गोडबोली माणसं रोजचीच. साठी झाली म्हणून तिथल्या मराठी मंडळानं माउंट रॉस्किलच्या हॉलमध्ये सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायला दिलं दमयंतीला. तिथेच माशी शिंकली.

दमयंती त्यांच्याच डेपोत डिस्पॅच सांभाळायची. शिकलेली मात्र लॅटिन. चारपाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या दरबारांत कवी आपल्या ड्यूकांची लॅटिनमधून कशी स्तुती करत, यावर तिची पीएचडी. असल्या पीएचडीला नोकरी कोण देणार, तर मोरेश्वरराव. हे तेच चारचौघांत सांगत. एकदा चहा पिताना त्यांनी तिला छेडलं होतं, "काय गं, लढाईतून पळालेल्या ड्यूकाला सिंह म्हणताना तुझ्या त्या कवींना लाज नाही वाटायची?"

"लाज कसली, काका? ड्यूकाच्या घरचं खायचं, त्याला 'शूर हो' असं सांगणार कोण? मग भर दरबारात 'तू शूर आहेस' म्हणायचं. पुढच्या वेळी त्याला पळायची चोरी."

तेव्हा मोरेश्वरराव पोट धरून हसले होते. आता मसुदा हातात आल्यावर ते हसू कुठल्या कुठे पळालं. खरं तर सत्कारमूर्तीनं मानपत्र आधी वाचायचं नसतं, पण यांनी 'शुद्धलेखन बघतो' म्हणून मागवून घेतलं होतं.

'रागावर ताबा असणारे.' अस्सं. 'डेपोतल्या प्रत्येकाला नावानं ओळखणारे.' फोर्कलिफ्टवरच्या त्या दांडग्या सामोअन माणसाचं नाव काय बरं? इतकी वर्षं 'हॅलो मेट'वर भागवलं होतं. बया म्हणजे नसलेले गुण वेचून वेचून माळ ओवत होती. आणि सगळ्यात खाली: 'मुलीचं सगळं ऐकून घेणारे वडील.'

आता मराठीत ऐकून घेणं दोन तऱ्हांचं. समोरच्याला मध्ये न तोडता बोलू देणं हे एक, आणि चूक झाली की मान खाली घालून बोलणी खाणं हे दुसरं. मोरेश्वररावांनी दोन्हींपैकी एकही जन्मात केलं नव्हतं. एकुलत्या लेकीनं, सलोनीनं, डेपो बघावा म्हणून तिला शिकवलं, तर ती गेली पामर्स्टन नॉर्थला, गवतावर संशोधन करायला. गायींनी कुठलं गवत खावं, यावर! गेल्या वर्षी तिचा फोन आला तेव्हा 'चरायलाच गेली आहेस ना, चर' म्हणून त्यांनी तो ठेवून दिला. तेव्हापासून ना यांचा फोन, ना तिचा. बोलणं काय ते मायलेकींचं.

म्हणजे घरातलं बाहेर गेलं होतं. नेलं कोणी?

"मंदा, दमयंतीशी काय काय बोललीस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सत्काराला चिवडा किती लागेल ते," मंदाताई म्हणाल्या. "का हो?"

इतकं सरळ उत्तर म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी दमयंतीला केबिनमध्ये बोलावलं. "ही शेवटची ओळ कोणाची?"

"सलोनीची. मी सगळ्यांना तुमच्याबद्दल एकेक चांगली गोष्ट विचारली होती. ती म्हणाली, 'ही लिसन्स टू मी.' मी फक्त मराठीत आणलं."

"हसत म्हणाली?"

"नाही, काका."

"म्हणजे टोमणा आहे."

"खोडू का मग?"

झाली पंचाईत. खोडावी तर ओळ खोटी असल्याची कबुली, ठेवावी तर मंडळासमोर जोडे. शिवाय खोडायला लावलं हे ही पोरगी गावभर करणार नाही कशावरून? मोरेश्वररावांनी चष्मा काढून पुसला.

"राहू दे," ते म्हणाले. "शुद्धलेखन ठीक आहे."

सत्काराला सलोनी आली. पामर्स्टनहून एकटी गाडी चालवत आली आणि आईशेजारी बसली. मोरेश्वररावांच्या अंगावर शाल आली, हातात नारळ आला, पण लक्ष सगळं लेकीच्या तोंडाकडे. मंडळाचा यतीन खड्या आवाजात मानपत्र वाचत होता. ती ओळ आली आणि टाळ्या पडल्या. सलोनीनं टाळी वाजवली नाही, हसलीही नाही. त्यांनी तिच्या डोळ्यांत थट्टा शोधली, तर तिथे नुसती भीती होती. हे काय नवीन, म्हणून ते आणखीच सावध झाले.

जेवणं सुरू झाल्यावर ती त्यांच्यापाशी आली. आजूबाजूला ताटं घेऊन माणसं उभी होती आणि या ऐकून घेणाऱ्या बापाकडे कौतुकानं बघत होती.

"बाबा, कॅन आय टेल यू समथिंग?"

नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. "बोल की," ते चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"लास्ट इयर मी फोन केला ना, तो गवताचा नव्हता." ती एकेक मराठी शब्द जुळवत होती. "हॉस्पिटलमधून केला होता. अपेंडिक्स फुटलेलं. ऑपरेशनला नेत होते. आय वॉज सो स्केअर्ड, बाबा. मी हॅलो म्हटलं आणि तुम्ही बोलायलाच लागलात. मग फोन कट. नंतर मी आईला पण नाही सांगितलं."

शेजारी वाढत असलेल्या मंदाताईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून आंधळ्यालाही दिसलं असतं.

'मग परत का नाही केलास?' मोरेश्वररावांच्या ओठांवर वाक्य तयार होतं. 'आणि हे आत्ता, इथे?' तेही तयार होतं. पण लेक आत जाताना आपला आवाज शोधत होती आणि आपण तिला गवत चारत होतो. त्यांना स्वतःची शरम वाटली. शालीसकट ते प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले आणि शेजारची खुर्ची तिच्यासाठी ओढली.

"आत नेलं," ते म्हणाले. "मग?"